ही माणसं झोपतात कधी? 'लॉस्ट इन स्पेस' नव्याने घडवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
'लॉस्ट इन स्पेस'च्या नव्या अवताराचे लेखक, दिग्दर्शक, निर्माते;
आणि अशीच एखादी जुनी मालिका पुन्हा उकरून काढण्याच्या बेतात असलेली सर्व मंडळी

स. न. वि. वि.

तुमची मालिका मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा एकट्याने, दुसऱ्यांदा माझ्या नऊ वर्षांच्या भाचीबरोबर. पहिल्या खेपेला वहीत बऱ्याच तक्रारी टिपून ठेवल्या होत्या. दुसऱ्या खेपेला भाचीने एकच प्रश्न विचारला आणि माझी वही निकामी झाली. दुसरं पर्व चालू होतं. कुठलंतरी यंत्र बंद पडलं होतं, कुठलातरी दरवाजा लागत नव्हता, सगळे धावत होते. ती म्हणाली, "मामा, ही माणसं झोपतात कधी?"

हे पत्र त्या प्रश्नापायी लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जुन्या मालिकेच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. जुनी मी नवीनंतर पाहिली, कुतूहलापोटी, आणि खरं सांगायचं तर बरीचशी ढकलत ढकलत. पण ती पाहिल्यामुळे तुमच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं ते कळलं. अर्विन ॲलन यांची ती मालिका १५ सप्टेंबर १९६५ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि मार्च १९६८मध्ये, ८३ भागांनंतर थांबली. १९९७ साली रॉबिन्सन कुटुंब अल्फा सेंटॉरीकडे निघतं आणि वाट चुकतं, एवढीच कल्पना. पहिलं पर्व कृष्णधवल आणि बऱ्यापैकी गंभीर. चाचणीसाठी जो भाग बनवला होता, त्यात तर डॉ. स्मिथही नव्हता आणि रोबोटही नव्हता. हे दोघे मागाहून आले आणि बघता बघता सगळी मालिका खाऊन बसले.

त्यात नवल काहीच नाही. स्मिथ झालेला जोनाथन हॅरिस पडद्यावर आला की बाकीचे लाकडी वाटू लागत. पहिल्या भागात हाच स्मिथ घातपाती असतो. यान सुटल्यावर आठ तासांनी सगळं उद्ध्वस्त कर, अशी आज्ञा तो रोबोटला देऊन ठेवतो आणि मग स्वतःच यानात अडकतो. असा माणूस पुढे भित्रा, आळशी, शब्दबंबाळ विदूषक कसा झाला, हे पाहणं मोठं मजेशीर आहे. त्यात जानेवारी १९६६पासून त्याच वेळेला समोरच्या वाहिनीवर 'बॅटमॅन' लागू लागला. त्या चढाओढीत रंग भडक होत गेले, थट्टा वाढत गेली आणि तिसऱ्या पर्वात एका बोलत्या गाजराशी सामना करण्यापर्यंत मजल गेली. ज्या गाय विल्यम्सला नायक म्हणून घेतलं होतं, तो मागे उभा राहून हे सगळं बघत राहिला. आणि कुटुंबातली आई, मॉरीन? ती जीवरसायनशास्त्रज्ञ, असं कागदावर लिहिलेलं. पडद्यावर मात्र तिच्या वाट्याला आलं ते कपडे धुऊन, इस्त्री करून, घडी घालून, पारदर्शक पिशवीत भरून देणारं यंत्र. अंतराळयुगातलं सर्वांत लक्षात राहणारं घरकाम!

म्हणजे तुमचं काम एका परीने सोपं होतं. कुटुंबाची म्हणून सुरू झालेली आणि वाटेत कुटुंबालाच विसरलेली मालिका तुम्हाला पुन्हा कुटुंबाकडे आणायची होती. १९९८च्या चित्रपटाला ते नीट जमलं नव्हतं. २००४मध्ये जॉन वू यांच्याकडून एक चाचणी भाग करून घेतला गेला, त्याची मालिका झालीच नाही. तुम्हाला मात्र जमलं. १३ एप्रिल २०१८ला नेटफ्लिक्सवर पहिले दहा भाग आले तेव्हा पहिल्याच भागात ते दिसलं.

त्या भागाची सुरुवात आठवा. यान कोसळतं आहे. पाच माणसं अंतराळपोशाख घालून टेबलाभोवती बसली आहेत आणि पत्ते खेळताहेत. कुणी आरडाओरडा करत नाही. डावात कुणाकडे काय आहे यावरून टोमणे चाललेत. नवराबायकोत काहीतरी बिनसलेलं आहे, मोठी मुलगी शिस्तीची आहे, मधली तोंडाळ आहे, धाकटा घाबरलेला आहे, हे सगळं त्या एका डावात कळतं. कोण कुणाचं कोण, हे समजावणारं एक वाक्य लागत नाही. गेल्या काही वर्षांत इतकी नेटकी सुरुवात मी फार थोड्या मालिकांत पाहिली आहे.

दुर्दैवाने त्या डावासारखं निवांतपण पुढच्या २७ भागांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच आलं.

ते नंतर. आधी जे मनापासून आवडलं ते सांगू द्या.

मॉरीन. मॉली पार्करने उभी केलेली ही बाई खरोखरीची अभियंता आहे. म्हणजे संवादात तसं म्हटलंय म्हणून नव्हे. ती आकाशाकडे बघते, काहीतरी खटकतं, ती मोजमाप घेते, आकडे जुळत नाहीत म्हणून पुन्हा मोजते आणि मग चेहरा पडतो. ज्या ग्रहावर सगळे उतरलेत तो फार दिवस राहण्याजोगा उरणार नाही, हे ती असं शोधून काढते. विज्ञान शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, शंका, मोजणी, फेरमोजणी हा क्रम पडद्यावर इतका सरळ क्वचित दिसतो. आणि तुम्ही तिला देवी केलं नाहीत हे त्याहून मोलाचं. धाकटा विल निवडचाचणीत नापास झाला होता; त्याला सोडून जायचं नाही म्हणून तिने गैरमार्गाने त्याचा निकाल बदलून घेतला. मुलांसोबत बसून पाहायच्या मालिकेत आईने केलेला गुन्हा दाखवायला धीर लागतो. तो उघडकीला आल्यावर विलच्या मनात जे होतं, की आपण इथे असायलाच नको होतं, त्याचा सल पुढे बराच काळ पुरला.

जॉनही चांगला. नौदलातला सैनिक, वर्षानुवर्षं घराबाहेर राहिलेला, आणि आता घरात परत आल्यावर आपली जागा कुठली हे न उमगणारा बाप. मोठी मुलगी जूडी त्याची सख्खी नाही. या गोष्टीवरून रडारड करण्याचा मोह तुम्ही आवरलात आणि तिसऱ्या पर्वापर्यंत राखून ठेवलेला तिचा सख्खा बाप, ग्रँट केली, पुढे आणलात तेव्हाही दोन बापांची झुंज लावली नाहीत. मधल्या पेनीबद्दल एकच: ती नसती तर मी दुसऱ्या पर्वातच मालिका सोडली असती. सगळे छाती पुढे काढून वाक्यं फेकत असताना कुणीतरी म्हणायला हवंच असतं की हे सगळं किती वेडगळ आहे. मीना सनवॉलने ते काम चोख केलं.

आणि रोबोट. इथे तुम्ही सर्वांत मोठा बदल केलात आणि तोच सर्वांत मोठा विजय ठरला. जुना रोबोट माणसांनी बनवलेला, रॉबर्ट किनोशिता यांनी रेखलेला, काचेच्या डोक्याचा, लवचिक हातांचा, बडबड्या. आत बॉब मे चालत असे आणि आवाज डिक टफेल्डचा. तुमचा परग्रहावरचा, जवळजवळ मुका. चेहऱ्याच्या जागी काळी काच आणि तिच्यात ताऱ्यांसारखे सरकणारे ठिपके. त्या ठिपक्यांच्या वेगावरून, रंगावरून माझी भाची त्याची मनःस्थिती ओळखायला लागली होती. "आता त्याला वाईट वाटलंय," ती सांगायची आणि तिचं बरोबर असायचं. ब्रायन स्टील नावाचा उंच नट खरोखर त्या पोशाखात उभा असल्याने विलची नजर हवेत भिरभिरत नाही, कुणाकडेतरी लागते. हा फरक लहान मुलांना पहिल्या मिनिटाला कळतो.

त्यांची भेटही तुम्ही फार विचाराने रचलीत. वणवा पेटलाय, यंत्राचे दोन तुकडे झालेत, आणि अकरा वर्षांचा मुलगा स्वतः मरणार हे दिसत असताना करवतीने फांदी कापून त्याला मोकळं करतो. त्यानंतर ते चार हातांचं भयंकर यंत्र आपला आकार बदलून दोन हातांचं, माणसासारखं होतं. याच यंत्राने आधी माणसं मारली आहेत, हे आपल्याला मागून कळतं. मित्र आणि खुनी एकच. मुलांच्या मालिकेत एवढा अवघड गुंता क्वचित कुणी घालतं. आणि पुढे वसाहतीतल्या लोकांच्या रेट्यापुढे विल त्याला कड्यावरून चालत जायला सांगतो आणि तो निमूट चालत जातो. तो प्रसंग पाहताना माझ्या शेजारी इतकी शांतता पसरली की मी मध्येच थांबवून पाणी आणायला उठलो. निमित्त पाण्याचं.

जुन्या मालिकेचं संगीत जॉन विल्यम्स यांचं. तेव्हा त्यांचं नाव 'जॉनी' असं लागत असे. ती धून तुमच्या ख्रिस्तोफर लेनर्ट्झ यांनी मोडली नाही, मोठी केली. त्याबद्दल वेगळे आभार.

आता वहीतल्या तक्रारी. विज्ञानाच्या चुका काढणारा प्रेक्षक कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. तरी एकीविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण वर्गात मुलांनी मला ती विचारली आहे. पहिल्याच भागात जूडी पाण्यात बुडी मारते आणि पाणी तिच्याभोवती बघता बघता गोठतं. ती बर्फात चिणली जाते. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, किलोमागे सुमारे ३३४ किलोज्यूल. हा अप्रकट उष्मा. डबकंभर पाणी काही क्षणांत दगडासारखं व्हायचं तर एवढी उष्णता त्याच क्षणांत कुठेतरी जायला हवी. जाणार कुठे? शून्याखाली जाऊनही द्रव राहिलेलं अतिशीत पाणी धक्का लागताच गोठतं हे खरं. पण उणे दहा अंशांचं तसं पाणी घेतलं तरी पहिल्या झटक्यात त्याचा सुमारे आठवा हिस्साच बर्फ होतो. सुटलेल्या उष्णतेने बाकीचं शून्य अंशावर येतं आणि तिथेच अडतं. म्हणजे जूडी बर्फाच्या चोथ्यात अडकली असती, काचेत नव्हे.

पण मी हे वर्गात सांगितलं तेव्हा वर्ग रंगला. त्या एका चुकीमुळे अप्रकट उष्मा चाळीस मुलांच्या डोक्यात कायमचा बसला. तेव्हा या चुकीबद्दल तक्रार नाही, उलट ऋणीच आहे. खटकतं ते वेगळं: नव्या ग्रहावर उतरल्या उतरल्या सगळे बिनधास्त श्वास घेतात, आणि घरात डॉक्टर असताना तिथल्या सूक्ष्मजीवांची काळजी कुणी करत नाही. जूडीने निदान एकदा तरी कपाळाला आठी घालायला हवी होती.

अंतराच्या बाबतीत मात्र तुम्ही चलाखी दाखवलीत. अल्फा सेंटॉरी आपल्यापासून सुमारे ४.३७ प्रकाशवर्षं दूर. व्हॉयेजर १ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जातं. त्या वेगाने तिथे पोचायला ७० हजारांहून अधिक वर्षं लागतील. मग वसाहतीसाठी निघालेल्या २४व्या तुकडीपर्यंत माणसं तिथे पोचली कशी? जुन्या मालिकेने असले प्रश्न हसण्यावारी नेले. तुम्ही त्या प्रश्नातूनच कथा काढलीत: ते इंजिन आपलं नाहीच. पृथ्वीवर आदळलेल्या परक्या यानातून उचललेलं आहे आणि रोबोट ज्यासाठी चालून आला ते त्याचंच होतं. दुसऱ्या पर्वात तर ते इंजिन चालवण्यासाठी दुसरा एक रोबोट बंदिवान करून ठेवलेला निघतो. नवं घर वसवायला निघालेली माणसं चोरीच्या गाडीत बसली आहेत आणि चालक साखळदंडात आहे. तुमच्या संपूर्ण मालिकेतली ही सर्वांत धारदार कल्पना. त्या रोबोटवर काम करणारा बेन ॲडलर शेवटी त्या बंदिवानाकडे नीट पाहतो आणि त्याची किंमत मोजतो.

मग तिसऱ्या पर्वात तुम्ही ती धार बोथट का केलीत? तिथे एक सरळसोट खलनायक रोबोट येतो. तो माणसांच्या जिवावर उठतो, त्याला हरवायचं. मोठमोठी यानं, धावपळ, त्याग, सगळं आलं. पण आपण जे उचललं ते परत करायचं की नाही, बंदिवानाची माफी मागायची की नाही, हा हिशेब त्या धुमाळीत कुणी मागितलाच नाही. अल्फा सेंटॉरीवर घरं उभी राहिलेली दिसली तेव्हा मला राहून राहून वाटत होतं, इथल्या एखाद्या मुलाने तरी विचारावं, आपण आलो कशात बसून?

डॉ. स्मिथबद्दलही मन दोन्हीकडे ओढलं जातं. तुमची स्मिथ बाई आहे, आणि ती साकारणारी पार्कर पोसी अप्रतिम. ती खोटं बोलते तेव्हा आधी समोरच्याचं दुःख चाचपून बघते. समुपदेशक असल्याचं भासवून ती लोकांना बोलतं करते आणि त्यांच्याच जखमांतून आपली हत्यारं घडवते. नवरा गमावलेल्या अँजेलाच्या दुःखाचा तिने केलेला वापर पाहून मला जुन्या स्मिथच्या सगळ्या घातपातांहून जास्त भीती वाटली. शिवाय खरा डॉ. स्मिथ म्हणून जुन्या विलला, म्हणजे बिल मुमीलाच, एका प्रसंगात आणून त्याची ओळख हिला चोरायला लावणं हा तर खोडसाळपणाचा कळस! पण ती सुधारणार की नाही हा लंबक तुम्ही इतक्या वेळा हलवलात की पुढे कुतूहल उरलं नाही. सुधारली, घसरली, सुधारली, मेली, परत आली. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस तिच्या त्यागावर मी विश्वास ठेवला होता. तो तुम्ही मोडलात.

एक लहानसा मुद्दा, आमच्यासारख्यांना चटकन दिसणारा. विक्टर धर. भारतीय आडनावाचा माणूस इतक्या ठळक भूमिकेत पाहून बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की सत्ता आणि आपली सुटका यांचे हिशेब मांडत बसणारा राजकारणी तोच आहे. रझा जाफरी गुणी नट आहे; त्याने विक्टरमध्ये माणूस शोधला. तरी रॉबिन्सनांच्या चुका प्रेमापोटी आणि इतरांच्या चुका स्वार्थापोटी, हे गणित तुमच्याकडून नकळत झालं असावं. वातानाबे कुटुंबाला तर धड चूक करायचीही संधी मिळाली नाही. आजूबाजूला इतकी माणसं, इतक्या देशांची, आणि प्रत्येक अडचणीवर तोडगा मात्र त्या पाच जणांकडे.

आणि आता भाचीचा प्रश्न.

तुमच्या मालिकेत एखादा भाग कसा चालतो? यंत्र बिघडतं. ते दुरुस्त करायला कुणीतरी बाहेर जातं. बाहेर गेलेला अडकतो. त्याला सोडवायला दुसरा जातो. दोराची लांबी कमी पडते. हवा संपत येते. अगदी शेवटच्या क्षणी जमतं, सगळे निःश्वास सोडतात, आणि तेवढ्यात नवं काहीतरी मोडतं. पहिल्या चार-पाच भागांत छाती धडधडते. मग शरीर शहाणं होतं. आता सुटणारच, हे त्याला कळतं. धोका इतक्या वेळा ओरडून सांगितला की कानाला त्याची सवय होते. गंमत म्हणजे, धोक्याची सूचना देणारं या मालिकेचं ते प्रसिद्ध वाक्य, 'डेंजर, विल रॉबिन्सन!', तुमच्या रोबोटच्या तोंडी तुम्ही अगदी जपून दिलंत. हीच काटकसर कथेत का नाही?

त्याहून मोठा तोटा असा, की घरातलं प्रत्येक बोलणं संकटाच्या पोटात झालं. जॉन आणि मॉरीन आपल्या मोडत आलेल्या संसाराबद्दल पहिल्यांदा मोकळं बोलतात ते कुठे? डांबरात बुडत चाललेल्या गाडीत. प्रसंग छान आहे, दोघे नट तोलामोलाचे आहेत. पण असं एकदा व्हावं. तुमच्याकडे मनातलं सांगायला प्रत्येकाला मरणाच्या दारापर्यंत जावं लागतं. ज्या घरात माणसं कंटाळत नाहीत, एकमेकांना टाळत नाहीत, क्षुल्लक गोष्टीवरून दोन दिवस अबोला धरत नाहीत, त्या घराचे कष्ट दिसतात, घर दिसत नाही.

या कथेचं मूळ तुम्हाला ठाऊकच आहे. १८१२ साली प्रसिद्ध झालेली योहान डेव्हिड वीस यांची 'स्विस फॅमिली रॉबिन्सन'. आडनाव तिथूनच आलं. त्या कादंबरीत जहाज एकदाच फुटतं. उरलेला जवळजवळ सगळा ग्रंथ राहण्याचा आहे: झाडावर घर कसं बांधलं, कुठला प्राणी माणसाळवला, कशापासून काय बनवलं. त्यात दोष पुष्कळ आहेत, उपदेश तर पानोपानी. पण दोनशे वर्षं मुलांना तिचं वेड का लागलं असेल याचा विचार करा. वाट चुकल्यावर आपण आपलं जग नव्याने मांडू, ही ओढ. जहाज फुटण्याचं त्यांना काय कौतुक?

हे तुम्हाला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग तुम्हीच लिहिलात. २४ डिसेंबर २०१९. कुटुंब एका अनोळखी ग्रहावर सात महिने राहिलेलं आहे. पिकं वाढवली आहेत. नाताळ साजरा होतो आहे. जॉन आता सैनिकापेक्षा शेतकरी जास्त दिसतो. विल उंच झालाय, आवाज बदललाय. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. म्हटलं, आता खरी मालिका सुरू झाली. पहिलं रोप मेलं तेव्हा कोण रडलं? सात महिन्यांत कोण कुणाशी बोलेनासं झालं होतं? पेनीला लिहावंसं कधी वाटायला लागलं? रोबोट गेल्यानंतरच्या पहिल्या रात्री विलने काय केलं? एकाचंही उत्तर नाही. सात महिने पडद्याआड संपले होते. आपण पोचलो ते निघायच्या तयारीला. यानाला शीड बांधून समुद्रावरून विजांच्या वादळात नेण्याची कल्पना भन्नाट आहे, मी टाळ्या वाजवल्या. पण त्या टाळ्या वाजवतानाही मला मागे राहिलेली ती शेती दिसत होती.

बरं, एकदा झालं तर झालं. तिसऱ्या पर्वात तुम्ही तेच पुन्हा केलंत. ९७ मुलं, आईबाप जवळ नाहीत, एका परक्या ग्रहावर अडकलेली. यापेक्षा चांगला कच्चा माल कुठल्या लेखकाला मिळतो? १ डिसेंबर २०२१ला मी पहिला भाग लावला तर एक वर्ष उलटून गेलेलं. ९७ मुलांची भांडणं, नियम, चोऱ्या, आजारपणं, रात्रीची भीती, तरुण जूडीवर पडलेलं सगळ्यांचं ओझं, हे सारं होऊन गेलेलं. पेनीला आवडणारे मुलगे तेवढे दोन झाले होते. आणि हातात भाग होते आठच.

मला त्या वर्षाचे चार भाग द्या, मी शेवटची यानायुद्धं सोडायला तयार आहे.

तुम्ही म्हणाल, प्रेक्षक थांबत नाही, पुढचा भाग लागायच्या आत त्याला टांगून ठेवावं लागतं. असेलही. पण माझ्या शेजारी बसलेला प्रेक्षक नऊ वर्षांचा होता आणि तिने पुन्हा पुन्हा लावायला सांगितलेले प्रसंग मी मोजले. रोबोट विलची नक्कल करून चालायला शिकतो तो. पेनी कुणालातरी चिडवते तो. पत्त्यांचा डाव. धावपळीचा एकही नाही.

शेवटाबद्दल मात्र तुम्हाला मानलं. जुनी मालिका वाटेतच बंद झाली. ते रॉबिन्सन आजही भटकताहेत. तुम्ही मार्च २०२०मध्येच जाहीर केलंत की तिसरं पर्व शेवटचं, आणि गोष्ट पुरी केलीत. ताणत बसला नाहीत. ज्यांनी ही मालिका तिन्ही पर्वं हाकली ते झॅक एस्ट्रिन २०२२मध्ये गेले. हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, आणि यातली निम्मी तारीफ त्यांच्या वाट्याची आहे, म्हणून नाव लिहून ठेवतो.

उरलेलं तुमच्यापैकी जे अजून लिहिताहेत त्यांच्यासाठी, आणि पुढे कधीतरी चौथ्यांदा हे यान उडवायला निघतील त्यांच्यासाठी. उडवतीलच कुणीतरी. त्यांना माझी एक विनंती आहे. एक भाग असा लिहा ज्यात काहीही मोडत नाही. यान ठीक, हवा ठीक, सगळे जिवंत. बाहेर अनोळखी आकाश आहे आणि आत पाच माणसांना अख्खा दिवस काढायचा आहे. रोबोट कोपऱ्यात उभा राहून बघतो आहे, माणसं नुसती बसली की काय करतात ते. आणि शेवटी सगळे झोपतात.

तो भाग आला की कळवा. भाची तोवर मोठी झालेली असेल, पण ती पाहील.

कळावे,
आपला एक प्रेक्षक

ता. क. मेकॅनिक डॉन वेस्टची कोंबडी डेबी हिच्याबद्दल वहीत एकही तक्रार नव्हती. सगळ्या मालिकेत निवांत बसलेली तेवढी एकटीच दिसली.